घर ठेक्याचं, आवाज पाहुण्याचा

३१ जानेवारी २०२५ रोजी लंडनच्या एका बँडचा नवा अल्बम आला. बँडचं नाव 'सिमांदे', अल्बमचं 'रिनॅसन्स', म्हणजे पुनर्जन्म. त्यांचा पहिला अल्बम १९७२ चा. पहिला आणि हा, यांच्यात ५३ वर्षांचं अंतर. दोन गाण्यांवर त्यांनी पाहुणे बोलावलेत: एकावर सेलेस्ट ही तिशीतली गायिका, दुसऱ्यावर 'सोल टू सोल' या लंडनच्याच गटाचा जॅझी बी.

माझ्या अकरावीतल्या भाचीला मी सेलेस्टचं गाणं पाठवलं. तिचा लगेच फोन. "मामा, इथं 'सिमांदे, फीट. सेलेस्ट' असं लिहिलंय. मग गाणं नक्की कोणाचं? सगळं तर तीच गातेय!"

'फीट.' म्हणजे 'फीचरिंग', सोबत पाहुणा कलाकार. प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे गाणं गाणाऱ्याच्या नावानं ओळखलं जातं. लताबाईंचं गाणं, आशाबाईंचं गाणं. मग जो बँड स्वतःच्या अल्बमवर दुसऱ्यालाच गायला लावतो, तो स्वतः करतो तरी काय? आणि ५० वर्षांनी परत येताना उसना आवाज कशाला लागतो? फंक आणि सोल हे संगीत आतून कसं चालतं ते कळलं, की या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. त्यासाठी संगीताचं शिक्षण लागत नाही.

सोल म्हणजे काय, फंक म्हणजे काय

आधी सोल. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जी भक्तिगीतं गातात, त्यांना गॉस्पेल म्हणतात. गाणारा देवाला हाक मारतो, बाकीचे ओ देतात, टाळ्यांनी लय धरतात, आवाज हळूहळू चढत जातो. आपल्या भजनात बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी ध्रुपद उचलतात, तशीच ही रीत. १९५० च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी ही आर्त हाक चर्चमधून बाहेर आणली आणि प्रेमाच्या गाण्यात घातली. देवासाठी तुटणारा आवाज आता माणसासाठी तुटू लागला. अनेक भाविकांना हा भ्रष्टाचार वाटला. पुढे डेट्रॉइटची मोटाउन आणि मेम्फिसची स्टॅक्स या कंपन्यांनी याच गाण्यांवर आपलं साम्राज्य उभं केलं, आणि अरिथा फ्रँकलिन त्या गायकीची सम्राज्ञी झाली.

फंक हे सोलचंच अपत्य, पण स्वभावानं वेगळं. सोलमध्ये गळा पुढे असतो, फंकमध्ये ठेका. १९६० च्या दशकाच्या मध्यावर जेम्स ब्राउन या अमेरिकन गायकानं आपल्या वादकांकडून एक नवीच गोष्ट करून घेतली. गिटार असो, ट्रम्पेट असो की सॅक्सोफोन, प्रत्येक वाद्य त्यानं ढोलासारखं वापरलं. सुरांची वळणं कमी केली. कधीकधी पूर्ण गाणं एकाच स्वरसमूहावर बसलेलं असतं. सगळा जोर मात्रांच्या पहिल्या ठोक्यावर. त्या ठोक्याला त्याचे वादक 'द वन' म्हणायचे. आपल्याला हे समजायला जड नाही, कारण आपल्याकडे सम आहे. तबलजी वाटेल तिथं फिरून येवो, समेवर भेट झाली की सभागृहातल्या माना एकदम खाली येतात. फंकमध्ये ती भेट दर दोन-चार सेकंदांनी होते आणि मानेऐवजी कंबर हलते.

इंग्रजीत या चालत्या ठेक्याला 'ग्रूव्ह' म्हणतात. हा शब्द कानावर पडला तर बिचकू नका. मी मात्र इथून पुढे ठेकाच म्हणेन.

उखळ एक, मुसळं दोन

ठेका कसा बांधतात हे सांगायला मला लहानपणी आजोळी पाहिलेलं कांडण आठवतं. एका उखळात दोघी जणी कांडायच्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. दोन्ही मुसळं कधी एकमेकांवर आदळली नाहीत, आणि आवाज असा अखंड, की डोळे मिटले तर एकच बाई कांडतेय असं वाटावं. दोघींपैकी कुणीही घाई केली असती तर सगळंच बिघडलं असतं.

फंक बँड हे मोठं उखळ आहे. बेस, म्हणजे खोल आवाजाची गिटार, धरलेला चार स्वर वाजवतो आणि थांबतो. त्या थांबण्यात गिटारवाला 'चिक्' करून एकच झटका देतो. दोघांच्या फटीत काँगा, म्हणजे हातानं वाजवायचा उंच ढोल, दोन थापा टाकतो. प्रत्येकाचं काम सुटं पाहिलं तर इतकं साधं, की शिकाऊ मुलगाही वाजवू शकेल. अवघड आहे ते दुसऱ्याची जागा सोडणं आणि पाच मिनिटं तसूभरही न सरकता ती सोडत राहणं. वर्षानुवर्षं एकत्र वाजवलेल्या लोकांनाच ते जमतं, म्हणून अशा बँडचं नाव राहतं.

गायकही या उखळातलं एक मुसळच असतो. तो पुढे उभा असतो, प्रकाश त्याच्यावर असतो, पण घर त्याचं नसतं. घर ठेक्याचं.

सिमांदेच्या बाबतीत तर हे पहिल्या दिवसापासून खरं आहे. त्यांच्या पहिल्या अल्बमवर 'डव्ह' नावाची जवळपास ११ मिनिटांची रचना आहे. तिच्यात शब्द जवळजवळ नाहीतच, गिटार आणि ठेकाच बोलतात. पहिल्या तीन अल्बमांच्या काळातच त्यांचे गायक बदलले. बेस आणि गिटार मात्र त्याच दोघांच्या हातात राहिली.

गयानातून आलेली दोन मुलं

ते दोघं म्हणजे बेसवादक स्टीव्ह स्किपिओ आणि गिटारवादक पॅट्रिक पॅटरसन. दोघंही लहानपणी गयानाहून दक्षिण लंडनला आलेले. बाकीच्यांची कुटुंबंही गयाना, जमैका, सेंट व्हिन्सेंट अशा कॅरिबियन मुलखांतून आलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामाला माणसं हवी होती. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' हे जहाज टिलबरीच्या धक्क्याला लागलं आणि त्यामागून कॅरिबियन कुटुंबं येत राहिली. आधी बोलावून घेतलेल्या याच माणसांविरुद्ध १९६८ मध्ये इनॉक पॉवेल हा खासदार विखारी भाषणं करत होता. सिमांदेची मुलं वयात आली ती त्या हवेत.

१९७१ मध्ये बँड उभा राहिला. 'सिमांदे' हा कॅलिप्सो, म्हणजे कॅरिबियन लोकगीतांच्या एका प्रकारातून घेतलेला शब्द, अर्थ पारवा, शांतीचा पक्षी. संगीतात त्यांनी फंक आणि सोल घेतलं, जॅझ घेतलं, आणि खाली घातले जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या न्याबिंगी ढोलांचे ठेके. तीन ढोल, त्यातल्या मधल्याचा ठोका छातीच्या ठोक्यासारखा. या मिश्रणाला त्यांनी स्वतःच नाव दिलं, 'न्याह-रॉक'. जेम्स ब्राउनचं फंक घाम काढतं. सिमांदेचं फंक संथ आहे. चालताना पावलं आपोआप त्याच्यावर पडू लागतात, आणि गाणं संपल्यावरही पडत राहतात.

लंडनच्या सोहो भागात त्यांची तालीम चालू असताना जॉन श्रोडर या निर्मात्याच्या कानावर ते पडलं. अल्बम झाला, अमेरिकेतल्या जेनस कंपनीनं तो काढला. १९७३ मध्ये 'द मेसेज' हे गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ४८ व्या क्रमांकावर पोचलं. अल ग्रीनसारख्या मोठ्या गायकाबरोबर त्यांचे दौरे झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं अपोलो थिएटर म्हणजे कृष्णवर्णीय संगीताची पंढरी, तिथं त्यांनी मुख्य कलाकार म्हणून वाजवलं.

आणि मग ते घरी परतले. घरी, म्हणजे लंडनमध्ये, त्यांना कुणी विचारलं नाही. रेडिओवर गाणी नाहीत, मोठी सभागृहं नाहीत. स्थलांतरितांची काळी मुलं स्वतःच्या भाषेत काही सांगतायत, हे ऐकायची त्या वेळच्या ब्रिटिश संगीत व्यवसायाची तयारी नव्हती. १९७२, ७३ आणि ७४ असे तीन वर्षांत तीन अल्बम करून बँड थांबला. स्किपिओ आणि पॅटरसन कायदा शिकले, वकील झाले आणि कॅरिबियनमध्ये वकिली करू लागले. मला या हकिगतीतला हा भाग सगळ्यात जास्त टोचतो. कुणी भांडलं नाही, कुणाचा घात झाला नाही. ऐकणारेच मिळाले नाहीत.

बँड बंद, गाणी चालू

इथं 'ब्रेक' हा शब्द समजून घ्यायला हवा. गाण्यात एक क्षण येतो, गायक थांबतो, सॅक्सोफोन थांबतो, मागं उरतात बेस आणि ढोल. तमाशात ढोलकीवाला एकटा सुटतो आणि पाठीमागच्या रांगेतून शिट्ट्या येतात, अगदी तो क्षण. दहा-पंधरा सेकंदांचा किंवा अर्ध्या मिनिटाचा हा तुकडा म्हणजे ब्रेक.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, कूल हर्क नावाच्या तरुण डीजेनं एक पार्टी केली. हाही जमैकात जन्मलेला. नाचणारी मुलं गाणं चालू असताना थांबून असतात आणि ब्रेक आला की पेटतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मग ब्रेक संपूच नये म्हणून काय करायचं? त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एकीवरचा ब्रेक संपायच्या आत दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली मागं फिरवून ठेवायची. दहा सेकंदांचा तुकडा असा दहा मिनिटं चालवता येऊ लागला. त्याच्यावर कुणीतरी माईक घेऊन बोलू लागलं, आणि हिप-हॉप जन्माला आलं.

ब्राँक्सच्या डीजेंकडच्या तबकड्यांमध्ये सिमांदेचं 'ब्रा' हे गाणं हमखास असायचं. नावाचा कपड्याशी काही संबंध नाही. 'ब्रदर'चं ते बोलीतलं रूप, आपल्या 'भावा'सारखं. या गाण्याच्या मध्यावर स्किपिओचा बेस आणि ढोल एवढंच उरतं. डीजेंना दुसरं काय हवं होतं!

इकडे लंडनमध्येही १९८० च्या दशकात वारं फिरलं. नॉर्मन जे यासारखे डीजे विस्मृतीत गेलेल्या जुन्या तबकड्या शोधून बिनपरवाना रेडिओवर आणि रिकाम्या गोदामांतल्या पार्ट्यांत वाजवू लागले. या छंदाला 'रेअर ग्रूव्ह' नाव पडलं, आणि सिमांदेचं 'ब्रदर्स ऑन द स्लाइड' त्यांच्या आवडत्या गाण्यांपैकी एक. याच मंडळींमध्ये एक होता जॅझी बी. त्याची 'सोल टू सोल' ही मुळात साउंड सिस्टिम. आपल्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती डोळ्यांसमोर आणा: स्वतः जुळवलेले प्रचंड स्पीकर, स्वतःच्या तबकड्या, आणि माईकवर बोलणारा एक जण. जमैकातून आलेली ही रीत. १९८९ मध्ये याच 'सोल टू सोल'चं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ते गायली होती पाहुणी गायिका कॅरन व्हीलर. म्हणजे ठेका घरचा आणि आवाज पाहुण्याचा हा प्रकार याच लोकांच्या हाताखाली वाढला.

पैठणीचा काठ आणि त्याची किंमत

दोन तबकड्या फिरवण्याचं काम पुढे यंत्र करू लागलं. जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा कापायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर नवं गाणं उभं करायचं. यालाच सॅम्पल म्हणतात. आजीच्या पैठणीचा काठ काढून नातीच्या ड्रेसला लावतात तसं, फरक एवढाच की इथं पैठणी फाटत नाही. एका काठावर शंभर ड्रेस होतात.

'ब्रा'चा काठ डे ला सोल या हिप-हॉप त्रयीनं १९८९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर लावला. 'डव्ह'चा काठ फ्यूजीज या दुसऱ्या हिप-हॉप त्रयीच्या १९९६ च्या अल्बमवरच्या 'द स्कोर' या गाण्याला लागला. तो अल्बम जगभर प्रचंड खपला. माझ्या पिढीतल्या अनेकांनी सिमांदेचं गिटार आधी तिथं ऐकलंय. बँडचं नाव मात्र कुणालाच माहीत नव्हतं. स्पाइक ली या दिग्दर्शकानं त्यांचं संगीत सिनेमात घेतलं, तेव्हा आणखी काही कान टवकारले.

आता पैशांचं. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात आणि लोक इथंच गोंधळतात. लोणच्याचं उदाहरण घ्या. आजीची कृती ही एक मालमत्ता. त्या कृतीनं एखाद्या कारखान्यात भरलेली बरणी ही दुसरी. गाण्याची चाल आणि शब्द म्हणजे कृती, ती रचनाकाराची. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण म्हणजे बरणी, ती बहुधा कंपनीची. तुम्ही ते गाणं स्वतः नव्यानं गायलात तर कृतीच्याच मालकाला पैसे द्यायचे. सॅम्पल घेतलंत तर बरणीतूनच फोड काढलीत, म्हणून दोघांची परवानगी लागते.

सुरुवातीच्या वर्षांत फारसं कुणी परवानगी मागत नव्हतं. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल लागला. 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेनं न्यायाधीशांनी निकालाची सुरुवात केली. तेव्हापासून सॅम्पल घ्यायचं तर आधी सही, मग गाणं. डे ला सोलचा तो पहिला अल्बम जुन्या सॅम्पल्सच्या परवानग्यांत इतका अडकला, की ३ मार्च २०२३ पर्यंत तो स्ट्रीमिंगवर येऊच शकला नाही.

वर्षांचाही हिशेब असतो. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्वी ५० वर्षं टिकायचा. २०१३ मध्ये तो ७० वर्षांचा झाला. ही वाढ झाली नसती तर सिमांदेच्या १९७२ च्या अल्बमवरचा हक्क २०२२ च्या अखेरीस संपला असता, नेमका जग त्यांना शोधत येऊ लागलं तेव्हा. आता तो २०४२ च्या अखेरपर्यंत आहे. भारतात हा काळ ६० वर्षांचा. आपल्याकडे गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानं पक्का झाला तो २०१२ च्या दुरुस्तीनंतर. वादकांचं काय? मुंबईच्या सिनेसंगीतात ज्या गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी ते सारे ऑर्केस्ट्रा बांधले, त्यांच्यापैकी कित्येकांची नावं तबकडीच्या वेष्टनावरही आली नाहीत. बेसच्या चार स्वरांना मालक असतो, आणि तो माणूस असतो, हे आपल्यालाही उशिराच कळलं.

मग आता पाहुणे कशाला?

बँड मध्यंतरी पूर्ण नाहीसा झाला होता असंही नाही. एकविसाव्या शतकात जुने सदस्य पुन्हा जमले, २०१५ मध्ये एक अल्बमही केला, पण त्याचा गाजावाजा झाला नाही. २०२२ मध्ये टिम मॅकेन्झी-स्मिथ यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, २०२४ मध्ये तो ब्रिटनच्या चित्रपटगृहांत लागला. मग बीएमजीसारखी मोठी कंपनी पाठीशी उभी राहिली आणि बेन बॅप्टी या निर्मात्याबरोबर 'रिनॅसन्स' झाला.

पाहुणे घेण्याची कारणं साधी आहेत. गळा हे वाद्य शरीरातच असतं आणि शरीराबरोबर म्हातारं होतं. स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, वरचे सूर हातचे जातात. बोटांचंही वय होतं, पण फंकचा बेस वेगावर चालत नाही, तो जागा सोडण्यावर चालतो, आणि ते वयानं मुरतंच. दुसरं कारण बाजाराचं. गाण्यावर दोन नावं असली की ते दोघांच्याही पानावर दिसतं. सेलेस्टला ऐकणारी विशीतली मुलगी तिच्या मागोमाग सिमांदेपर्यंत पोचते.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हे पाहुणे कोण आहेत ते पाहा. जॅझी बी हा त्या पिढीचा, जिनं बँड बंद असताना त्याची गाणी लंडनच्या गोदामांत जिवंत ठेवली. त्याचे आईवडील अँटिग्वातून आलेले, म्हणजे तोही त्याच कहाणीतला. 'हाउ वी रोल' या गाण्यात तो गाण्यापेक्षा बोलतो, साउंड सिस्टिमवर माईक धरलेल्या माणसासारखा. सेलेस्ट त्याच्याही पुढच्या पिढीची. तिचे वडील जमैकाचे, ती वाढली ब्रायटनजवळ. २०२१ मध्ये तिचा पहिलाच अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ज्या दाराशी सिमांदेला १९७४ मध्ये उभं केलं नाही, त्या दारातून ती सहज आत गेली. 'ओन्ली वन वे' या गाण्यात ती त्यांच्या ठेक्यावर उभी राहते, तेव्हा ५० वर्षांच्या कष्टाचं फळ ज्याचं त्याला मिळालं, असं मला मनापासून वाटतं.

पण हे मार्केटिंगच ना?

असू शकतं, आणि पाहुणे घेण्याचा अतिरेकही होतो. १९९९ मध्ये सँटाना या गिटारवादकानं पाहुण्या गायकांना घेऊन अल्बम केला. त्यातलं एक गाणं अमेरिकेत १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तेव्हापासून जुन्या कलाकाराचं पुनरागमन म्हणजे पाहुण्यांची यादी, हे सूत्रच झालं. २०१८ मध्ये गिटारवादक नाइल रॉजर्सच्या 'शीक' या बँडचा २६ वर्षांनी अल्बम आला, त्यात लेडी गागापासून क्रेग डेव्हिडपर्यंत इतकी मंडळी होती, की मला ऐकताना लग्नघरात शिरल्यासारखं झालं: सगळे भेटले, यजमान दिसलाच नाही. तो अल्बम वाईट होता असं नव्हे. नाइल रॉजर्सच्या उजव्या हाताचा मी चाहता आहे. म्हणून तर तो हात गर्दीत हरवल्याचं वाईट वाटलं.

माझी कसोटी एवढीच: पाहुण्याचा आवाज मनातल्या मनात पुसून टाका. उरलेल्या संगीतावरून बँड ओळखू येतो का? सिमांदेच्या दोन्ही गाण्यांत तो येतो. शिवाय पाहुणे दोनच आहेत. 'चेझिंग ॲन एम्प्टी ड्रीम', 'रोड टू झायन', 'कोल्ट्रेन' ही गाणी बँडनं आपल्याच बळावर पेलली आहेत.

जुने सगळे नाहीत, मग बँड तोच कसा?

हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. १९७२ च्या नऊ जणांपैकी सगळे आज बँडमध्ये नाहीत. पण पंढरीच्या वाटेवरच्या जुन्या दिंडीला तरी आपण काय विचारतो? दीडशे वर्षांपूर्वीचे टाळकरी कुठं आहेत, असं नाही विचारत. विणा कुणाच्या गळ्यात आहे ते पाहतो. सिमांदेमध्ये बेस अजून स्किपिओच्या गळ्यात आहे, गिटार पॅटरसनच्या. गाणी त्यांच्याच डोक्यातून आलेली. ज्या बँडमध्ये ठेका बांधणारेच उरले नाहीत आणि नाव तेवढं भाड्यानं फिरतंय, त्यांच्याबाबतीत मीही हा आक्षेप घेईन. असे बँड आहेत.

जुन्याची सर येते का?

नाही. 'डव्ह'च्या त्या ११ मिनिटांत विशीतल्या मुलांची जी बेफिकिरी आहे, ती सत्तरीत येत नाही आणि येऊ नये. १९७२ चा आवाज थोडा खडबडीत आहे, नवा जास्त नितळ, तंतुवाद्यांनी भरलेला. काही ठिकाणी मला तो जरा जास्तच नितळ वाटला. पण बेस आणि काँगा एकमेकांच्या फटीत बसण्याची ती सवय तशीच आहे, आणि मी त्यासाठीच ऐकतो.

भाचीचं राहिलंच. तिच्या प्रश्नावर मी तिला उलट विचारलं, "ऐकलंस कशावर?" म्हणाली, फोनच्याच स्पीकरवर, अभ्यास करता करता.

तिथंच सगळा घोळ होता. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. इतका खोल आवाज काढायला हवेचा मोठा गोळा हलवावा लागतो, आणि फोनचा स्पीकर असतो नखाएवढा. त्याच्यातून गळा स्वच्छ येतो, झांजा येतात, बेसची नुसती पुसट सावली येते. म्हणजे तिनं ऐकलं तेव्हा पाहुणी बैठकीत होती आणि यजमान दाराबाहेर. सगळं तीच गातेय असं वाटलं तर त्यात पोरीची काय चूक!

मी तिला म्हटलं, कानात चांगले हेडफोन घाल, आधी १९७२ चं 'ब्रा' लाव आणि मधे गाणारे थांबतात तिथं डोळे मिट. मग सेलेस्टचं गाणं पुन्हा लाव. रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला: "मामा, खाली कुणीतरी आहे."